बशीबंदी

एका रविवारी सकाळी आमच्या ह्यांनी चहाचा कप उचलला, खालची बशी दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली आणि जाहीर केलं, "आजपासून मला बशी नको."

मी गॅस बंद केला. असली वाक्यं दूध उतू जायच्या बेतात असताना ऐकू नयेत.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. कप पुरतो. जगात आता कोणी बशी वापरत नाही."

हे बोलणारा माणूस कोण, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला यातली गंमत कळायची नाही. लग्न करून मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ह्यांना नुसत्या कपात चहा दिला होता. ह्यांनी कप हातात घेतला, वर धरला, त्याच्या बुडाकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "याचं खालचं कुठाय?" तेव्हापासून मी ह्यांना बशीशिवाय चहा दिलेला नाही. एकदा तापाने फणफणले होते, तेव्हासुद्धा औषधाच्या पाण्याचा पेला आणला तर म्हणाले, बशी राहिली. अशा माणसाने एकाएकी बशीबंदी पुकारावी, म्हणजे पुढाऱ्याने पक्ष बदलण्यापैकीच झालं. कारण काहीतरी असणारच, पण ते भाषणात सांगत नाहीत.

"रात्री वाईट स्वप्न पडलं का?" मी विचारलं.

"चेष्टा नको. तूच सांग, बशीचं काम काय? चहा कपात असतो, साखर चहात असते, चमचा ओट्यावर असतो. बशी नुसती खाली बसून असते. तुझ्या भावासारखी."

माझ्या भावाला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. पण ह्यांची बाजू लंगडी असली की तो येतोच.

पुढचा आठवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. हे म्हणायचे, एका चहाला दोन भांडी घासावी लागतात. मी म्हणायचे, घासतं कोण? हे म्हणायचे, पाणी वाया जातं. मी म्हणायचे, तुम्ही दाढी करताना नळ सोडून गाणी म्हणता, त्या पाण्यात बारा बश्या निघतात. मग हे वर्तमानपत्र उघडायचे. आता खरं म्हणजे आमच्या घरात कप फुटतात आणि बश्या उरतात, त्यामुळे माझ्याकडे कपांपेक्षा बश्याच जास्त. पण त्यातली एकही बेकार नाही. साखरेच्या डब्याखाली एक आहे, तिच्यात पाणी घातलं की मुंग्यांची वाट बंद. दुधावर एक. चिरलेल्या लिंबावर एक उपडी. शिवणाच्या मशीनपाशी एक, टाचण्यांची. तुळतुळीत नव्या झाकणांना जे जमत नाही, ते माझी कान तुटलेल्या कपाची बशी करते. हे सगळं मी ह्यांना एकेक बशी समोर ठेवून दाखवलं. पण पालथ्या घड्यावर पाणी! म्हणाले, "मुंग्यांना बशी लागते, हे मान्य. मला लागत नाही."

त्याच संध्याकाळी हे बाजारातून एक मग घेऊन आले. मग कसला, बालदीच ती. कान एवढा मोठा की माझी अख्खी मूठ आत गेली. दुसऱ्या दिवसापासून हे त्या मगात अर्धाच चहा घेऊन, दोन्ही हातांनी मग छातीशी धरून खिडकीत बसायला लागले. बाहेर ऊन असं की अंगावर पदर नकोसा व्हावा, आणि हे थंड हवेच्या ठिकाणी फिरायला आलेल्या नवरीसारखे मग कवटाळून बसलेले.

"शाल आणू का?" मी विचारलं.

"तुला ना, नवीन काही बघवत नाही," हे म्हणाले.

आता ह्यांच्या कामाबद्दल. रक्त तपासतात त्या लॅबमध्ये हे रक्त काढायचं काम करतात. म्हणजे दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, शीर शोधायची, सुई टोचायची, नळी भरायची. सांगायला सोपं, पण एका टोचणीत शीर सापडणं हे सगळ्यांना जमत नाही. ह्यांना जमायचं. त्यांची रीत अशी की टोचायच्या आधी माणसाला काहीतरी मोजायला लावायचं. "तुमच्या गल्लीत कुत्री किती हो?" समोरचा मनातल्या मनात गल्ली फिरून येईपर्यंत इकडे कापसाचा बोळा लावून झालेला असायचा. आणि तो विचारायचा, "कधी टोचताय?" त्यामुळे अख्खी वस्ती ह्यांना डासकाका म्हणते. चावलेलं कळत नाही, रक्त मात्र जातं. हे नाव ह्यांना मनापासून आवडतं. मला कोणी "डासकाकू" म्हटलं तर मात्र मी ओ देत नाही.

मग आला तो आला, त्याच्यापाठोपाठ आणखी बदल आले. हे जन्मभर बटणांचे शर्ट घालत आलेले. एक दिवस ते सगळे इस्त्री करून कपाटाच्या वरच्या खणात गेले आणि खाली आले टी-शर्ट. एक तर पोपटी. मग दाढीचं यंत्र आलं, विजेवर चालणारं, मधमाशी अडकल्यासारखं गुणगुणणारं. दाढीचं जुनं सामान माळ्यावर गेलं. आमच्या नणंदबाई, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, एकदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, तरुण दिसायला लागलास हं तू."

नणंदबाईंनी स्वतःच्या घरातल्या सगळ्या बश्या केव्हाच काढून टाकल्यात. त्यांच्याकडे चहाचा कप थेट टेबलावर ठेवतात आणि मग टेबल पुसत बसतात. त्यामुळे त्यांचं सर्टिफिकेट मला नवीन नव्हतं. पण मलाही तसंच वाटत होतं. मराठीत याला एक नेमका शब्द आहे, म्हातारचळ. माणसाचे केस गेले, की उरलेल्याला धुमारे फुटतात.

त्यातच भाजीच्या दुकानात शेजारची एकजण म्हणाली, "हल्ली डासकाका घरी येत नाहीत का रक्त घ्यायला? ती नवी मुलगी येते."

मी घरी येऊन विचारलं. हे मगात बघत म्हणाले, "आता मी काउंटरला बसतो. नळ्यांना चिठ्ठ्या लावायच्या, रिपोर्ट द्यायचे. सगळं तिकडूनच बघायचं असतं."

"म्हणजे बढती?"

ह्यांनी दोन्ही हातांनी मग तोंडाला लावला. बढती मिळालेला माणूस स्वतःच्या तोंडाने काय सांगणार, असं मला वाटलं. टी-शर्ट, मग, काउंटर, सगळ्याचा मेळ बसला. साहेब झाले होते तर! मी गल्लीभर सांगत सुटले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तीन घरं तर मी मुद्दाम वाट वाकडी करून सांगितली.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी आमची मुलगी नातीला घेऊन आली. नात सहा वर्षांची. आम्ही तिला टकळी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा पूर्ण गप्प नसते. त्या दिवशी मात्र तिचा चेहरा उतरलेला होता. बरेच दिवस बारीक ताप येत होता आणि डॉक्टरांनी रक्त तपासून आणायला सांगितलं होतं. टकळीला सुईची भयंकर भीती. मागच्या वेळी दुसऱ्या एका लॅबमध्ये तिने टेक्निशियनच्या अंगठ्याला चावा घेतला होता.

"पण आजोबांकडून घेते म्हणालीये," मुलगी म्हणाली. "बाबा, उद्या सकाळी तुम्हीच काढा. तुमचं दुखत नाही."

हे म्हणाले, "लॅबमध्ये घेऊन ये. ती मुलगी काढेल. चांगला हात आहे तिचा."

"मला ती नको," टकळी म्हणाली.

"अगं, मी आता काउंटरला असतो."

"मग काउंटरला काढा."

मुलीचा आवाज बारीक झाला. "बाबा, एवढंच सांगतेय ना मी तुम्हाला?"

मला राहवलं नाही. "साहेबांना नातीसाठी सुई धरायला कमीपणा वाटतो का आता?" मी विचारलं. टकळीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं होतं. शेवटी हे म्हणाले, "बरं. काढतो. मीच काढतो." टकळीने त्यांच्याकडून तीन वेळा शब्द घेतला.

एवढ्यात नणंदबाई आल्या. चहाची वेळ झालीच होती. मी मनात म्हटलं, आज बघतेच. मी कपाटातून चांगला सेट काढला. पांढराशुभ्र, कडेला बारीक निळी रेघ. हा सेट ह्यांनीच घेतलेला. दुकानात प्रत्येक बशी टेबलावर ठेवून, बोटाने गरागरा फिरवून, डुलते का ते पाहून घेतला होता. दुकानदार अगदी घामाघूम झाला होता. मी पाच कपबश्या मांडल्या, टकळीच्या कपात दूध, बाकीच्यांत चहा, आणि ट्रे घेऊन बाहेर आले.

"माझा मग?" हे म्हणाले.

"मग घासायला पडलाय."

"मग मी नंतर घेतो."

"नंतर कशाला? नणंदबाईंसमोर होऊन जाऊ दे निकाल. बशीने तुमचं काय वाईट केलंय, ते आज सगळ्यांना सांगा." आणि मी काठोकाठ भरलेला कप, बशीसकट, त्यांच्या हातात दिला.

आधी मला वाटलं, खालून ट्रक चाललाय. आमच्या रस्त्यावरून जड गाडी गेली की काचेच्या कपाटातली भांडी अशीच बारीक किणकिणतात. मी कपाटाकडे पाहिलं. भांडी गप्प होती. आवाज खोलीतूनच येत होता, आणि थांबत नव्हता.

"आजोबा, तुमचा कप कुडकुडतोय," टकळी म्हणाली.

नणंदबाई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. ह्यांनी दुसरा हात बशीला लावला, तसा आवाज वाढला. चहा हिंदकळून कपाबाहेर आला, एकदा, दोनदा. बशीने तो सगळा झेलला. पोपटी टी-शर्टवर एक थेंब उडाला नाही. मुलगी आपल्या कपात बघत बसली. ह्यांचे कान लाल झाले होते आणि ते कुणाकडेही बघत नव्हते.

"हात जरा अवघडलाय," हे म्हणाले.

मी उठले आणि कपबशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "मेली ही बशीच डुगडुगते," मी मोठ्याने म्हटलं. "बूड वाकडं आहे हिचं. कितीदा म्हटलं काढून टाकायची म्हणून. थांबा, मगात देते." आठवडाभर बश्यांची वकिली करणारी मी! बशी ठणठणीत होती, हे त्या खोलीत माझ्याइतकंच ह्यांनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात येऊन मी ती कपबशी ओट्यावर ठेवली. ओट्यावर ती अगदी शांत राहिली. आणि मला एकेक गोष्ट कळायला लागली. शर्टाची बटणं. दाढीचं पातं. अर्धाच भरलेला मग आणि दोन्ही हात. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून बढती सांगत फिरत होते. खरं सांगते, मला आधी वाईट वाटलं नाही. आधी राग आला. असा राग आला की टाचण्यांच्या बशीपासून चांगल्या सेटपर्यंत सगळं आपटावं.

हे मागे येऊन उभे राहिले होते.

"कधीपासून?" मी न वळता विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं की तू डॉक्टरकडे नेणार. डॉक्टर काहीतरी मोठं नाव सांगणार. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण?"

"अवलक्षण आधीच झालंय," मी म्हटलं. "हात तेवढा दाखवायचा राहिलाय."

त्यांना हसू आलं. मला आलं नाही. मग ते ओट्याला टेकून हळूहळू सांगायला लागले. बाहेर नणंदबाई मोठमोठ्याने मुलीशी हवापाण्याचं बोलत होत्या. आमचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही असं दाखवायला त्या नेहमीच जास्त मोठ्याने बोलतात.

ते एका आजींच्या घरी रक्त काढायला गेले होते. वर्षानुवर्षं ह्यांच्याचकडून काढून घेणाऱ्या आजी. त्या दिवशी पहिली टोचणी चुकली. दुसरी चुकली. तिसऱ्यांदा मिळालं. आजींच्या हातावर काळंनिळं झालं. आजी म्हणाल्या, "असू दे रे, माझीच शीर पळपुटी." आणि वर चहा दिला, बशीसकट. तो चहा ह्यांच्या हातात असाच वाजला. आजींना ऐकू कमी येतं, म्हणून निभावलं. जिना उतरून हे लॅबमध्ये गेले आणि लॅबच्या डॉक्टरबाईंना म्हणाले, पाठ दुखते, मला काउंटर द्या.

"म्हणजे बढती नाही," मी म्हटलं.

"नाही."

"आणि मी सगळ्या गल्लीला सांगितलंय."

"माहितीय. तिघांनी पार्टी मागितलीय."

आता मात्र मलाही हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरले. मी पदराने पुसले आणि मुद्द्यावर आले. "मग उद्या टकळीचं रक्त कोण काढणार?"

"मी."

"अहो..."

"सकाळी हात बरा असतो. एकदाच काढायचंय. मनगट टेकवून काढेन. तिला शब्द दिलाय मी." हे बोलताना ते माझ्याकडे नाही, त्या कपाकडे बघत होते. "तिच्यासमोर तरी मला नाही म्हणायला लावू नकोस."

माझ्याकडे कशाचंही उत्तर तयार असतं, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. पण त्या वेळी तयार असलेली दोन्ही उत्तरं वाईट होती. नको म्हणावं, तर ह्यांच्या हातातली सुई मी काढून घेतल्यासारखं होणार. हो म्हणावं, तर त्या सुईखाली टकळीचा काडीएवढा दंड. मी फडकं घेतलं आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे लॅबमध्ये गेलो. स्पिरिटचा वास, भिंतीला टेकून बसलेली उपाशीपोटी माणसं, आणि आतल्या खोलीत ती हात ठेवायची फळी असलेली उंच खुर्ची. नवी मुलगी तिथेच होती. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले. "काका, आज तुम्ही?" तिने विचारलं. हे म्हणाले, "घरचं गिऱ्हाईक आहे." ती हातमोजे घालून बाजूला उभी राहिली.

टकळी खुर्चीवर चढली. तिची टकळी चालूच होती: पट्टा रबराचा का असतो, नळीचं झाकण जांभळं का, लाल का नाही, मांजरांचं रक्त कोण काढतं. ह्यांनी पट्टा बांधला. छान बांधला. बोट टेकवून शीर शोधली. ती लगेच सापडली हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. बोळ्याने पुसलं. सुई घेतली, टोपण काढलं.

सुईचं टोक एका जागी थांबेना.

ह्यांनी मनगट फळीवर टेकवलं. श्वास सोडला. टोक थांबलं. आमच्या मुलीचं लक्ष टकळीच्या चेहऱ्याकडे होतं, तिला यातलं काही दिसत नव्हतं. टकळीने डोळे गच्च मिटून घेतले होते. तेवढ्या वेळात त्यांनी टोचलं असतं तर कदाचित जमलंही असतं. मी मनातल्या मनात कुणाला काय विनवलं ते मला आठवत नाही. मग टोक पुन्हा हललं.

त्यांनी सुईला टोपण लावलं आणि ती ट्रेमध्ये ठेवून दिली.

"टकळे, डोळे उघड," ते म्हणाले. "माझं ऐक. आजोबांचा हात हल्ली कापतो. काल कप वाजला ना, तो थंडीने नाही वाजला, आणि बशीही वाकडी नव्हती. माझा हात हलत होता. मी टोचलं तर तुला दुखेल. म्हणून ही ताई काढेल."

आमच्या मुलीने एकदम माझ्याकडे पाहिलं. नवी मुलगी खाली बघायला लागली. बाहेर बसलेल्या माणसांनाही ऐकू गेलं असणार, कारण तिकडची कुजबुज थांबली. आणि टकळी गप्प. जन्मल्यापासून पहिल्यांदा गप्प.

"ताईला येतं का पण?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"मी शिकवलंय."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी इथे बसतो."

टकळीने विचार केला. "मग तुमचा हात इकडे द्या. मी धरते. आणि तुम्ही तिकडे बघा हं, म्हणजे तुम्हाला भीती नाही वाटणार."

ह्यांनी हात दिला. तिने मोकळ्या हाताने त्यांची दोन बोटं पकडली, तिच्या मुठीत तेवढीच मावत होती. आणि जन्मभर लोकांना तिकडे बघा म्हणणारा हा माणूस खरोखर भिंतीकडे तोंड करून बसला. नव्या मुलीने एका टोचणीत काढलं. टकळी "आई गं" म्हणाली, पण चावली नाही. रडलं कोण म्हणाल, तर आमची मुलगी, आणि माझं विचारू नका.

बोळा लावून झाला, तसे हे उठले. डॉक्टरबाईंच्या खोलीचं दार त्यांनी स्वतः वाजवलं. "बाई, पाठीचं मी खोटं सांगितलं होतं," ते दारातूनच म्हणाले. मी मागोमाग आत गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला थांबवणार कोण?

बाईंनी त्यांना दोन्ही हात पुढे धरायला लावले. मग एक कागद दिला आणि त्यावर गोलात गोल काढायला सांगितलं. ह्यांनी काढले. ते गोल बघून बाईंनी कागद घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, घाबरून जाऊ नका, पण नसांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, मी चिठ्ठी देते. यावर औषधं असतात. सुई मात्र आता नको. आणि नव्या मुलांना शिकवायला मला कोणीतरी हवंच होतं, त्याला हात लागत नाही, तोंड लागतं.

"तोंडाचं काम आमच्या घरी हिच्याकडे आहे," हे म्हणाले.

बाई चिठ्ठी लिहायला लागल्या. लिहितालिहिता त्यांनी विचारलं, "घरात हे आधी कोणाच्या लक्षात आलं?"

मी खुर्चीत सावरून बसले. असल्या प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे मी देते.

"बशीच्या," हे म्हणाले.

"कोणाच्या?"

मग ह्यांनी सगळं सांगितलं. बशीबंदी, मग, पोपटी टी-शर्ट, चांगला सेट, काही म्हणजे काही वगळलं नाही. सांगताना त्यांचा हात टेबलावर उघडा होता आणि बारीक हलत होता, आणि तो लपवायचं त्यांना सुचलंही नाही. बाई पेन खाली ठेवून हसत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला काहीच जाणवलं नाही?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "ह्यांना तरुण व्हायचंय."

दोघंही मोठ्याने हसले. मीही हसले, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. पण आत कुठेतरी मला झोंबलं, ते सांगते. रोज त्या हातात मी चहा देते, पैसे देते, पिशव्या देते. आणि तो कापतो, हे त्यांनी नाही सांगितलं तर मला कळलं नाही. बशीला न सांगता कळलं. मला त्या बशीचा हेवा वाटला.